ऑइलचा नंबर बिलावर लिहा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

द्राक्षाचा हंगाम तोंडावर आला आहे. आता तासगाव, पलूस, मिरज, कवठेमहांकाळ या पट्ट्यात रात्रंदिवस पिकअप पळतील. बागेतून पॅकहाऊसला, शेडवरून बेदाणा मार्केटला, काही थेट घाट उतरून कोकणात. या गाड्यांच्या एका भागाबद्दल मला लिहायचं आहे. त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही आणि भुर्दंड मात्र ज्याचे हप्ते अजून फिटायचे आहेत त्या माणसाला बसतो. तो भाग म्हणजे मागचा एक्सल आणि त्याच्या पोटातलं गिअर ऑइल.

आमचं तासगावात स्पेअर पार्टचं दुकान आहे. सासऱ्यांनी काढलेलं, आता काउंटर मी सांभाळते. हंगामाआधी गाडी करून घेणारे येतात तेव्हा त्यांची यादी ठरलेली असते: इंजिन ऑइल, फिल्टर, ब्रेक लायनर, पाट्याचे बुश, ग्रीस. सगळं बांधून झालं की एखादा म्हणतो, ‘वहिनी, पाठीमागचं ऑइल पण द्या दोन लिटर.’ मी विचारते, कुठल्या नंबरचं देऊ, जीएल-4 की जीएल-5, गाडीच्या पुस्तकात काय लिहिलंय? (जीएलचा आकडा म्हणजे ऑइल दातांवरचा दाब किती सोसतं त्याची प्रत.) माणूस गॅरेजवाल्याला फोन लावतो. तिकडून उत्तर येतं, ‘द्या की नव्वद नंबर, सगळ्यात तेच टाकतो आपण.’

हे ‘सगळ्यात तेच’ थांबायला पाहिजे. माझी मागणी साधी आहे. मागच्या एक्सलचं ऑइल बदललं की कोणत्या एक्सलमध्ये, कोणत्या ग्रेडचं, किती लिटर आणि किती किलोमीटरला टाकलं, हे गॅरेजनं बिलावर लिहून द्यावं आणि गाडीमालकानं ते मागून घ्यावं. असं का म्हणते ते जरा सविस्तर सांगते.

इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून प्रोपेलर शाफ्टनं मागं येते. तो शाफ्ट गाडीच्या लांबीत असतो, चाकांचा एक्सल आडवा. हा काटकोन पार करण्याचं काम पिनियन (शाफ्टच्या टोकाचं लहान दातेरी चाक) आणि क्राऊन (एक्सलवरचं मोठं दातेरी चाक) ही जोडी करते. पिकअपमध्ये ही जोडी बहुतेक हायपॉइड पद्धतीची असते, म्हणजे पिनियन क्राऊनच्या बरोबर मध्यावर न बसवता थोडा खाली बसवलेला असतो. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीनं 1926 मध्ये ही रचना मोटारीत आणली. तिच्यामुळं प्रोपेलर शाफ्ट खाली राहतो, आवाज कमी होतो, आणि एका वेळी जास्त दात पकडीत असल्यानं जोडी मजबूत होते. पण दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, घासत सरकतात. माल भरलेली गाडी कुंभार्ली किंवा आंबा घाट चढत असते तेव्हा दोन दातांच्या मधे एवढा दाब येतो की साधं तेल तिथून पिळून बाहेर निघतं. म्हणून हायपॉइडच्या ऑइलमध्ये गंधकाची आणि फॉस्फरसची संयुगं घातलेली असतात. दात तापले की ती पोलादाशी क्रिया करून वर पातळ थर धरतात आणि धातूला धातू भिडत नाही. गिअर ऑइलचा डबा उघडल्यावर जो उग्र वास नाकात जातो, तो त्या गंधकाचा.

हा थर नसला तर काय होतं ते मी काउंटरवर बघितलं आहे. गेल्या हंगामात मणेराजुरीकडच्या एका मुलानं क्राऊन आणि पिनियन पोत्यात गुंडाळून आणले. रद्दीच्या कागदावर ठेवून मी ते पुसले. क्राऊनच्या दातांच्या कडा निळ्या-जांभळ्या पडल्या होत्या, म्हणजे पोलाद भाजून निघालेलं. चांगल्या दाताच्या तोंडाला आरशासारखी चकाकी असते. इथं सगळीकडं खरवडल्याच्या रेघा होत्या आणि नख फिरवलं तर नख अडकत होतं. पिनियनचा एक दात मुळापासून गेलेला. आत कुठलं ऑइल होतं म्हणून विचारलं. तो म्हणाला, ‘वहिनी, इंजिनातलं उरलेलं होतं नवं, तेच ओतलं फिटरनं. ऑइल ते ऑइल म्हणाला.’ नवी जोडी, पिनियनची दोन्ही बेअरिंगं, सील, मजुरी असं सगळं धरून त्याचे वीस हजारांच्या वर गेले. ऐन फेब्रुवारीत गाडी जॅकवर राहिली, ठरलेली भाडी दुसऱ्याला गेली. योग्य ऑइल दोन लिटर घेतलं असतं तर हजाराच्या आसपास काम झालं असतं. त्या मुलाचा यात काही दोष नव्हता. त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं, आणि त्याच्याकडच्या बिलावर फक्त ‘ऑइल व मजुरी’ एवढंच लिहिलं होतं.

आता ओळखीचा प्रश्न. गाडीचं नाव सांगितलं की एक्सल कळतो असा सगळ्यांचा समज आहे. तसं नाही. एकाच नावाची पिकअप कमी आणि जास्त वजनाच्या वेगवेगळ्या प्रकारांत येते, मधे काही वर्षांनी कंपनी बदल करते, आणि जुनी गाडी घेतली असेल तर आधीच्या मालकानं आत काय बसवलंय ते देव जाणे. क्राऊनचे दात 41 आणि पिनियनचे 9 असतील तर रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे होणारे फेरे, 4.56 होतो, 41 आणि 10 असतील तर 4.1. बाहेरून हाऊसिंग, म्हणजे एक्सलचं लोखंडी कवच, दिसायला सारखंच. आणि ही जोडी कारखान्यात एकमेकांशी जुळवूनच बाहेर पडते, दोघांवर जुळणीचा एकच क्रमांक कोरलेला असतो. म्हणून एकाचा पिनियन आणि दुसऱ्याचा क्राऊन असली खटपट करू नये. ‘फक्त पिनियन द्या’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मी परत पाठवते, मग तो रागावला तरी चालेल.

ओळखायचं कसं? पहिली जागा गाडीचं पुस्तक. ते हरवलं असेल तर चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या पार्ट काउंटरवर जावं. तिथं चेसिस नंबरावरून कोणता एक्सल आहे ते निघतं. दुसरी जागा खुद्द हाऊसिंग. पुष्कळ एक्सलवर एखाद्या बोल्टखाली छोटा पत्रा लावलेला असतो, नाहीतर नळीवर किंवा पिनियनच्या तोंडाजवळ अक्षरं ठोकलेली असतात. त्यावर दातांचे आकडे किंवा पार्ट नंबर मिळतो. पण तो वाचायला मिळेल तर ना! वर्षानुवर्षांची माती आणि तेल बसून तिथं काळा थर झालेला असतो. डिझेलचं फडकं आणि तारेचा ब्रश घेतला तर थोड्या वेळात तो निघतो. त्याहून वाईट म्हणजे पासिंगच्या वेळी खालून सरसकट काळा रंग मारतात तेव्हा अक्षरं बुजतात, आणि हाऊसिंग खोलल्यावर पत्रा बाजूला पडतो तो पडतोच. माझी सगळ्या गाडीमालकांना कळकळीची विनंती आहे, आज गाडी धुवायला लावाल तेव्हा त्या पत्र्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दुकानात आल्यावर तो फोटो दाखवलात तरी आमचं अर्धं काम होतं.

पत्राही नाही आणि अक्षरंही नाहीत अशी गाडी आली तर रेशो मोजता येतो, आणि त्याला काही खोलावं लागत नाही. गाडी सपाट जागी घ्यायची, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावायचे, मागची दोन्ही चाकं उचलून एक्सलखाली भक्कम घोडे (लोखंडी स्टँड) ठेवायचे. नुसत्या जॅकवर गाडीखाली कुणीही जाऊ नये. गाडी न्यूट्रल, हॅण्डब्रेक सोडलेला. टायरवर आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूनं खूण करायची. दोघांनी दोन्ही चाकं एकाच दिशेनं बरोबरीनं दहा वेळा फिरवायची आणि तिसऱ्यानं शाफ्टचे फेरे मोजायचे. शाफ्ट 41 वेळा फिरला तर रेशो 4.1. साडेपंचेचाळीसच्या आसपास फिरला तर 41 आणि 9 ची जोडी आहे असं धरायला हरकत नाही.

गाडी घोड्यांवर आहे तोवर आणखी एक बघून घ्यावं. गिअर टाकून एक चाक हातानं फिरवायचं. दुसरं चाक उलट्या दिशेनं फिरलं तर साधा डिफरन्शियल (वळणावर दोन्ही चाकांना कमी-जास्त वेगानं फिरू देणारी आतली गिअरची जुळणी). दोन्ही एकाच दिशेला ओढ घेत असतील किंवा चाक हलतच नसेल, तर आत लॉकिंगची किंवा लिमिटेड स्लिपची, म्हणजे दोन्ही चाकांना एकत्र धरून ठेवणारी, व्यवस्था असू शकते. अशा काही डिफरन्शियलना ऑइलमध्ये वेगळं मिश्रण लागतं, नाहीतर वळणावर आतल्या प्लेटा कचकचतात. अशी गाडी असेल तर पुस्तक बघितल्याशिवाय डबा उघडू नये.

चाकाच्या मधल्या भागाकडंही बघावं. हब बाहेर आलेला असेल आणि त्याच्या तोंडावर बोल्टांचं कडं असेल तर तो फुल फ्लोटिंग एक्सल. त्यात मालाचं वजन हाऊसिंग आणि हबच्या बेअरिंगवर पडतं, शाफ्टचं काम फक्त चाक फिरवणं. चाक न काढता शाफ्ट ओढून बाहेर घेता येतो. सेमी फ्लोटिंगमध्ये वजनही शाफ्टच पेलतो. तिथं शाफ्ट तुटला तर चाक शाफ्टसकट बाहेर येऊ शकतं. दीड टनाच्या गाडीत अडीच टन क्रेट रचणाऱ्यांनी आपली गाडी यातली कुठली आहे हे तरी माहीत करून घ्यावं.

हल्ली तरुण मुलं मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ बघून येतात. शिकायची हौस चांगलीच आहे, मला त्यांचं कौतुक वाटतं. पण तिकडच्या पिकअपचा एक्सल मागच्या झाकणाच्या आकारावरून आणि बोल्टांच्या संख्येवरून ओळखतात. जनरल मोटर्सचे दहा, बारा, चौदा बोल्टांचे एक्सल तिथं त्याच नावानं प्रसिद्ध आहेत, आणि ऑइल काढायचं म्हणजे पुष्कळदा ते झाकणच खोलायचं, कारण खाली प्लग नसतो. तिकडंच फोर्डचा नऊ इंची एक्सल आहे, त्याला मागं झाकणच नाही; आतली सगळी जुडी पुढून निघते. आपल्याकडं दोन्ही तऱ्हा दिसतात. जुन्या जीपच्या घराण्यातल्या गाड्यांना मागं बोल्टचं झाकण असतं, तर बऱ्याच मालवाहू गाड्यांचं हाऊसिंग मागून बंद आणि खाली निचऱ्याचा प्लग. एका मुलानं मागचं झाकण वेल्डिंगचं आहे हे न बघता त्यावर छिन्नी चालवायची तयारी केली होती. त्याच्या चुलत्यानं वेळेवर हात धरला.

आता नंबर. ‘नव्वद म्हणजे इंजिनाच्या चाळीसपेक्षा दुपटीहून घट्ट’ असं मी रोज ऐकते. इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल यांच्या मोजपट्ट्याच वेगळ्या आहेत. गिअरचं 90 हे घट्टपणानं इंजिनाच्या 40-50 च्या जवळपासच येतं. म्हणजे फरक घट्टपणाचा कमी आणि आत काय मिसळलंय त्याचा जास्त. 80डब्ल्यू-90 मध्ये पहिला आकडा थंडीतला, दुसरा गरम झाल्यावरचा. आपल्या जिल्ह्यात थंडीची काळजी फार नाही. वजन आणि उन्हाळा यांची आहे. म्हणून काही कंपन्या जड वापरासाठी 85डब्ल्यू-140 सांगतात. पण ते कंपनीनं सांगितलं असेल तरच. आपल्या मनानं घट्ट ऑइल टाकलं की गाडी ओढायला जड जाते.

डब्यावरच्या जीएलच्या आकड्याकडं तर कुणीच बघत नाही, आणि खरं महत्त्व त्याला आहे. हायपॉइड एक्सलला साधारणपणे जीएल-5 लागतं, कारण दाब सोसणारी ती संयुगं त्यात भरपूर असतात. गिअरबॉक्सला पुष्कळ गाड्यांत जीएल-4 सांगितलेलं असतं. तिथं पितळी सिंक्रो रिंगा (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्या) असतात आणि जीएल-5 मधली काही संयुगं पितळाला मानवत नाहीत. एकच मोठा डबा आणून अर्धा गिअरबॉक्समध्ये, अर्धा मागं, असं केलं की दोन्हींपैकी एकाचं नुकसान ठरलेलं. बॅरलमधलं सुटं ऑइल तर घेऊच नये. त्याच्यावर ना ग्रेड असते, ना जीएलचा आकडा.

बदलताना एक गोष्ट मी प्रत्येकाला हात जोडून सांगते: आधी वरचा, भरायचा प्लग सैल करा, मगच खालचा उघडा. वरचा प्लग वर्षानुवर्षं कुणी हात न लावल्यानं गंजून बसलेला असतो. खालून ऑइल सोडून दिलं आणि वरचा प्लग निघालाच नाही, तर गाडी कोरड्या एक्सलनं जागेवर उभी. काम करायच्या आधी आठ-दहा किलोमीटर गाडी फिरवून आणावी. कोमट ऑइल पातळ होऊन नीट उतरतं आणि तळाची घाण घेऊन उतरतं.

खालच्या प्लगला पुष्कळदा लोहचुंबक असतं. तो प्लग हातात घेऊन बघा, मिस्त्रीला लगेच पुसू देऊ नका. त्यावर करड्या रंगाचा मऊ लेप असेल, बोटांत चोळला तर काजळासारखा पसरत असेल, तर ती रोजची झीज आहे, घाबरायचं कारण नाही. बोटाला टोचणारे कण, चकाकणारे पापुद्रे किंवा दाताचा तुकडा मिळाला, तर नुसतं ऑइल बदलून गाडी भाड्याला लावू नये. अशा वेळी गाडी कधीपासून आवाज करत होती हेही आठवावं. ॲक्सिलरेटर दाबला की घूं आवाज येणं आणि सोडल्यावर येणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत; फक्त वळणावर कटकट होत असेल तर आतल्या लहान गिअरकडं बघावं लागतं. फिटरला हे नीट सांगितलं तर त्याचा वेळ आणि आपले पैसे वाचतात.

भरताना गाडी सपाट हवी. साधारणपणे भरायच्या भोकाच्या खालच्या काठाला ऑइल येऊन टेकलं की पुरे. बोट आत वाकवून बघायचं, टोकाला ऑइल लागलं पाहिजे. जास्त भरलं तर चांगलं असं नाही. जादा ऑइल घुसळून तापतं, फेसाळतं आणि सीलमधून ब्रेकच्या ड्रममध्ये उतरतं. लायनर ऑइलनं भिजले की ब्रेक लागत नाही, आणि आपल्याकडच्या गाड्या घाट उतरतात. तीच गोष्ट ब्रीदरची. हाऊसिंगच्या वर बोटाच्या पेराएवढी टोपी असते. तिच्यातून आतली गरम हवा बाहेर पडते. ती चिखलानं बुजली की हवा सील ढकलून वाट काढते. मग लोक सील बदलत बसतात, महिन्यात ते परत गळतं, आणि टोपी तशीच चिखलात. तिला फुंकर मारून बघायला एक पैसा लागत नाही.

यात आपल्या जिल्ह्यासाठी पुराचा विषय वेगळा सांगितला पाहिजे. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं 57 फुटांची पातळी गाठली होती. तिथं धोक्याची पातळी 45 फूट आहे. 2021 च्या जुलैत पुन्हा पूर आला. भिलवडी, अंकलखोप, औदुंबरकडच्या कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या होत्या. पाणी ओसरल्यावर लोकांनी इंजिनं खोलली, वायरिंग बदललं, सीटा वाळवल्या. विमावाले, मिस्त्री सगळे इंजिनाबद्दलच बोलत होते. एक्सलचा प्लग फार थोड्यांनी उघडला. ब्रीदरमधून आणि सीलमधून आत गेलेलं पाणी तसंच राहिलं. गाडी चालली की पाणी ऑइलमध्ये घुसळलं जायचं, रात्री उभी राहिली की बेअरिंगवर गंज धरायचा. पुढच्या द्राक्ष हंगामात आमच्याकडं पिनियन बेअरिंगं मागायला जी माणसं आली त्यांत नदीकाठची जास्त होती. एकानं बाटलीत भरून आणलेलं ऑइल मी अजून विसरले नाही. घट्ट ताकासारखं पांढुरकं, आणि तळाशी तांबूस गाळ.

पूरच यायला पाहिजे असंही नाही. भाडं मारून आलेली गाडी तापलेली असताना येरळेच्या पात्रात धुवायला उतरवतात. गरम हाऊसिंग एकदम गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि बाहेरचं पाणी सीलमधून आत ओढलं जातं. चाकाच्या मध्यापर्यंत पाणी लागलं असेल तर पुस्तकातलं किलोमीटरचं गणित बाजूला ठेवून ऑइल तपासावं, आणि पांढुरकं दिसलं तर त्याच दिवशी बदलावं. पुस्तकातला पल्ला साध्या वापरासाठी दिलेला असतो. घाट, जादा वजन, पाणी यांतलं काहीही असेल तर तो कमी धरायचा. नवी क्राऊन-पिनियनची जोडी बसवली असेल तर सुरुवातीची झीज ऑइलमध्ये उतरते, त्यामुळं पहिलं ऑइल लवकर काढावं.

काढलेल्या ऑइलचं काय होतं, हेही लिहिलं पाहिजे. 2016 च्या घातक कचऱ्याच्या नियमांनुसार वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं आणि ते नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडंच द्यायचं असतं. प्रत्यक्षात जळकं ऑइल सेंट्रिंगवाले नेतात, कुणी गोठ्याच्या लाकडाला वाळवीसाठी फासतं, आणि उरलेलं गॅरेजच्या मागच्या गटारात जातं. ते गटार ओढ्याला, ओढा येरळेला आणि येरळा कृष्णेला. सांगलीत शेरी नाल्याच्या पाण्याबद्दल इतकी वर्षं सगळे तळमळून बोलतात, आपणही वेळोवेळी छापता. त्या यादीत तालुक्यातल्या गॅरेजची गटारंही धरावीत. प्रत्येक गॅरेजला स्वतःहून हे करणं परवडत नसेल, तर नगरपरिषदेनं गॅरेजच्या ओळीत एक झाकणाचं पिंप ठेवावं आणि ते नोंदणी असलेल्याकडं पाठवायची व्यवस्था करावी.

राहिली बिलाची गोष्ट. मला लांबलचक फॉर्म नको आहे. एक ओळ पुरे: ‘मागचा एक्सल, 41/10, 80डब्ल्यू-90 जीएल-5, 2 लिटर, 1,18,400 कि.मी.’ एवढं लिहिलं तर पुढचा मिस्त्री अंदाजानं ओतणार नाही, गाडी विकताना घेणाऱ्याला माहिती मिळेल, आणि काही बिघडलं तर कुणाशी काय बोलायचं ते मालकाला कळेल. मालवाहू गाडीचं पासिंग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावं लागतं. त्याच तारखेला एक्सलचा वरचा प्लग उघडून बघायची सवय लावली तर लक्षात ठेवायला वेगळं काही लागणार नाही.

गॅरेजवाल्यांना मी दोष देत नाही. त्यांतले बरेच लहानपणापासून हातानं शिकलेले आहेत आणि त्यांच्या हातात खरी कला आहे. गिऱ्हाईक दारात उभं राहून ‘लवकर करा, रात्री बागेत जायचंय’ म्हणतं तेव्हा पुस्तक बघायला वेळ कुणाला असतो? म्हणूनच मला वाटतं की सुरुवात आयटीआयकडून व्हावी. तिथं मोटर मेकॅनिक आणि डिझेल मेकॅनिकची मुलं आहेत, शिकवणारे आहेत. बेदाण्याच्या सौद्याच्या दिवशी बाजार समितीच्या आवारात पिकअप तासन्‌तास उभ्या असतात. एका पान्ह्यानं वरचा प्लग उघडून पातळी बघायची, ब्रीदर साफ करायचा, पत्रा पुसून त्याचा फोटो मालकाच्या मोबाइलवर द्यायचा, एवढं काम मुलांनी शिक्षकांच्या देखरेखीखाली केलं तर त्यांचाही हात बसेल. बाजार समितीनं जागा आणि चहा द्यावा. फडकी आणि प्लगचे वायसर आमच्या दुकानातून देऊ.

गाडी बनवणाऱ्या कंपन्यांनाही आपल्या वृत्तपत्रातून एक सांगायचं आहे. तो पत्रा बोल्टखाली नका लावू. आकडे हाऊसिंगवरच खोल कोरा, आणि ऑइलची ग्रेड व लिटर भरायच्या प्लगच्या शेजारी लिहा, मराठीतही लिहा. नवी गाडी ताब्यात देताना वितरक हार घालतात, पेढे देतात, फोटो काढतात. त्याच वेळी मालकाला गाडीच्या मागं वाकून दोन्ही प्लग दाखवायला हवेत.

आम्ही आमच्यापुरतं सुरू केलं आहे. गिअर ऑइल विकलं की बिलावर ग्रेड आणि जीएलचा आकडा लिहितो, आणि गिऱ्हाइकाकडं रेशो नसेल तर तिथं जागा मोकळी सोडून ‘भरून आणा’ म्हणून सांगतो. तालुक्यातल्या इतर दुकानदारांनी आणि गॅरेजमालकांनी या हंगामापासून हे करावं. कुणाला रेशो मोजायची पद्धत समजून घ्यायची असेल तर दुपारी दोन ते चार या वेळेत काउंटरवर गर्दी नसते, त्यांनी जरूर यावं.

कळावे,
आपली नम्र,
एक स्पेअर पार्ट विक्रेती,
तासगाव, जि. सांगली